बिनशेपटाचा निरोप

“वैजे, तुझ्या आईला सांग, माळीणकाकूंच्या परकराला नाडी राहिलीय.”

अण्णा हे बोलले तेव्हा आई त्यांच्यापासून हातभर अंतरावर मशीनवर बसली होती. त्यांचं बेतायचं टेबल आणि तिच्या मशीनचं चाक यांच्यामधून मला आडवं होऊनच जावं लागे, इतकीच काय ती जागा. तरी मी उठले, मधे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “आई, काकूंच्या परकराला नाडी राहिलीय.”

“अण्णांना सांग, नाडी संपलीय. आणायला लागंल.”

“अण्णा, नाडी संपलीय. आणायला लागंल.”

“बरं म्हणावं.”

“बरं म्हणताहेत.”

माळीणकाकू बाकावर बसून आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होत्या. “काय गं बाई,” त्या शेवटी म्हणाल्या, “तुमच्या घरात ऐकायला कमी येतं काय सगळ्यांना?”

ऐकायला सगळ्यांना उत्तम येत होतं. विट्याच्या पेठेत आमचं शिंप्याचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधे एक अंधारा बोळ. अण्णा मापं घ्यायचे, कापड बेतायचे, आई शिवायची. लग्न झाल्यापासून दोघांचं असंच चाललं होतं. श्रावणापासून मात्र दोघांत अबोला होता, आणि दोघांच्याही सगळ्या निरोपांचं टपाल मी झाले होते. मी तेव्हा चौथीत होते.

अबोल्याचं कारण नलूवहिनींचा ब्लाउज. नलूवहिनी म्हणजे पेठेतल्या सराफांच्या थोरल्या सूनबाई. मंगळागौरीसाठी त्यांनी ब्लाउज शिवायला टाकला होता. तो त्यांनी घरी घालून बघितला तर एक बाही बसेना, हात वर केला की सगळा ब्लाउज वर ओढला जाई. त्या तडक दुकानात आल्या, बरोबर दोन शेजारणी. अण्णांनी ब्लाउज उलटापालटा करून बघितला. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होत्या, दोन्ही डाव्या.

“हिनं घोटाळा केलाय,” अण्णा म्हणाले आणि आईकडे बोट केलं. “वेंधळी आहे. नुसतं मशीन हाणायचं, डोकं वापरायचं नाही.”

आई काही बोलली नाही. त्या बायका गेल्यावरही बोलली नाही. संध्याकाळी भाकरीचं ताट तिनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “अण्णांना नेऊन दे.” तिथून पुढं सगळं माझ्या हातूनच जाऊ लागलं.

गणपतीत जतहून मामा आला. दोन दिवस राहिला, सगळं बघितलं, आणि निघताना बोळात आईला म्हणाला, “दिवाळीच्या सुट्टीला टेंपो घेऊन येतो. मशीनपण घेऊन चल. पोरीचं नाव तिकडं घालू.” आई म्हणाली, “ये.” मी पाण्याच्या पिंपाआड उभी होते. मशीन आईचं माहेरचं होतं. माणूस चार दिवसांसाठी माहेरी जातं ते कपडे घेऊन, मशीन घेऊन जात नाही, एवढं चौथीतल्या पोरीलाही कळतं. मला अण्णा पाहिजे होते. मला आईपण पाहिजे होती. दोघं एका घरात पाहिजे होती, आणि त्याला दिवाळीपर्यंतचीच मुदत होती.

नेमकं त्याच सुमाराला आमच्या वर्गावर कुंभोजकर बाई आल्या. उंच, सावळ्या, पदर खांद्यावर पिनेनं पक्का. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर ‘दया’ लिहिलं आणि पुढं खडूनं एक खरंखुरं शेपूट काढलं, गोंड्यासकट.

“शब्दाला शेपूट लावलं की शब्द दुसऱ्या कामाला लागतो,” बाई म्हणाल्या. “दया ज्याच्याकडे आहे तो?”

“दयाळू!”

“आणखी आणा या शेपटाचे.”

“कष्टाळू! झोपाळू! लाजाळू!” वर्गाला ऊतच आला.

“शाळाळू!” मागच्या बाकावरून आवाज आला.

बाई हसल्या. “का बसत नाही बरं ते?”

“बाही बसत नाही तसं, बाई,” मी म्हणाले. “उसवून दुसरी लावायला लागते.”

“शिंप्याची ना गं तू? मग लाव दुसरी.”

मी उभी राहून विचार केला. “शाळकरी,” मी म्हणाले. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं आणि मला दिवसभर जमिनीला पाय टेकवायची गरज वाटली नाही.

पण बाईंची खरी तऱ्हा गृहपाठात होती. त्या शब्द लिहून आणायला सांगत नसत. “वहीत राहिलेला शब्द शिळा होतो,” म्हणायच्या. “घरी जा, जिवंत माणसाशी बोलताना वापरा, आणि उद्या मला सांगा, कुणाला म्हणालात आणि ते काय म्हणाले.” मग सकाळी वर्गात गंमत उडे. कुणी आजीला ‘विसराळू’ म्हणून पाठीत धपाटा खाल्लेला असे, कुणी म्हशीला ‘प्रेमळ’ म्हटलेलं असे. म्हैस चालेल का यावर बाईंनी थोडा विचार केला आणि चालेल म्हणाल्या.

माझी मात्र पंचाईत झाली. आमच्या घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. माझं स्वतःचं बोलणंच होत नव्हतं, होत होते ते दुसऱ्यांचे निरोप. मग शब्द घालणार कुठं? निरोपातच.

दुकानात दोघं समोरासमोर असत, तिथं फेरफार करायची सोय नव्हती. पण एक जण स्वयंपाकघरात आणि दुसरं दुकानात असलं की निरोप बोळातून जायचा, आणि बोळात तो फक्त माझा असायचा. माझं निम्मं भाषेचं शिक्षण त्या बोळात झालंय.

पहिल्या दिवशी आई चुलीपुढून म्हणाली, “अण्णांना सांग, किती येळ ते कापड घेऊन बसलेत, भाकरी गार व्हायल्यात.”

मी बोळातून गेले आणि म्हणाले, “आई म्हणते, तुम्ही फार कष्टाळू आहात, पण आता जेवून घ्या.”

अण्णा अस्तर कापत होते. कापडात कात्री मधेच थांबवू नये, काठ दातरा होतो, असं तेच सांगायचे. त्या दिवशी त्यांची थांबली.

“कष्टाळू?”

“हो.”

“असं म्हणाली?”

“अगदी असंच.”

त्यांनी कात्री खाली ठेवली. मी दुकानात ताट आणून दिलं, आणि ताटावर बसल्यावर ते मला म्हणाले, “आमटीत मीठ लई पडलंय, सांग तिला. जीभ हाय का काय तिला?” मी भाकरी आणायच्या निमित्तानं उठले आणि आत जाऊन सांगितलं, “अण्णा म्हणतात, आमटी चवदार झालीय. उद्या मीठ किंचित कमी चालेल.”

आईच्या हातातला तवा तसाच राहिला. तिनं माझ्याकडे निरखून बघितलं.

“चवदार म्हणाले?”

“हो.”

“आणि किंचित?”

“हो, तेपण म्हणाले.”

“बरं,” आई म्हणाली आणि चुलीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी आमटीला मीठ बेतानं होतं.

मला चटकच लागली. बाई नवीन शेपूट शिकवत आणि मी ते त्याच दिवशी बोळातून पार करत असे. अण्णांचं “तिला म्हणावं हेकटपणा पुरे” आईकडे पोचेपर्यंत “अण्णा म्हणतात तू करारी आहेस” होऊन जाई. आईचं “त्यांचं कधी संपायचं हे तिरसट वागणं” तिकडं जाताना “आई म्हणते तुम्ही मनमिळाऊ होता, तसेच व्हा” असं होई. वर्गात मी सगळ्यांत जास्त शब्द वापरून येत होते. बाई विचारायच्या, “आणि मग ते काय म्हणाले?” मी सांगायचे, “काही नाही बाई, नुसतं ‘असं म्हणाली?’ विचारलं.” बाईंनी मला एकदा जरा वेळ न्याहाळलं, पण पुढं काही विचारलं नाही.

दसरा झाला तरी दोघं एकमेकांशी बोलेनात. माझा धीर सुटायला लागला.

मग बाईंनी उतारा शिकवायला घेतला. फळ्यावर चारच ओळी लिहिल्या. रखमा विहिरीवरून आली. तिनं घागर दाराशी ठेवली. ताटातला भात तसाच होता. ती कोपऱ्यात जाऊन निजली.

“पहिला प्रश्न, ओळीत काय आहे?” ते सगळ्यांनी सांगितलं. घागर, भात, कोपरा.

“दुसरा प्रश्न, दोन ओळींच्या मधे काय आहे? रखमाला काय झालंय?”

“तिला वाईट वाटलंय, बाई.”

“कुठल्या ओळीत लिहिलंय?”

वर्ग शोधायला लागला. कुठल्याच ओळीत नव्हतं, आणि तरी सगळ्यांना माहीत होतं. बाईंना फार आनंद झाला.

“आता तिसरा. हे सांगतंय कोण? हाच भात, हीच रखमा, पण तिच्या सासूनं सांगितलं असतं तर?”

एका मुलीनं ताबडतोब कमरेवर हात ठेवले. “बघा, अन्नाचा माज! आली नि आडवी झाली आळशी!”

सगळे खो खो हसले. मी हसले नाही. माझ्या मनात आलं, माझी आई वेंधळी आहे हे मला कुणी सांगितलं? अण्णांनी. आईनं तर काहीच सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी शाळेतून आले तर अण्णा बाजारात गेले होते. आई हूक लावत बसली होती.

“आई, बाही डाव्या हाताची का उजव्या हाताची, ते कशात ठरतं? बेतण्यात का शिवण्यात?”

तिची सुई थांबली. “बेतण्यात,” ती म्हणाली. “पुढच्या अंगाला मुंढा, खांद्याकडचा गोलावा, खोल कापतात. दोन्ही बाह्यांना एकाच बाजूला खोल कापला तर शिवणारी काय करणार?”

“मग ते अण्णांचं चुकलं होतं!”

“हळू बोल.”

“तू सांगितलं का नाहीस त्यांना?”

“सांगितलं होतं की. जोडायच्या आधीच दाखवल्या होत्या. म्हणाले, कापड उरलं न्हाई, जोड, कुणाला कळतंय.” तिनं दोरा दातानं तोडला. “तेवढ्यात भागलं असतं गं.”

“मग वहिनींपुढं का गप्प बसलीस?”

“वहिनींपुढं काय सांगू? मास्तरांचा बेत चुकला म्हणून? एकदा ते पेठेत झालं की कोण कापड टाकतंय आपल्याकडं? त्यांचं सगळं नाव त्या कात्रीवर.” मग म्हणाली, “मी गप्प बसले ते त्यांच्यासाठीच. ते त्यांना कळलं होतं. कळूनपण त्यांनी वेंधळी म्हटलं.”

मला आईचा इतका कळवळा आला, आणि अण्णांचा इतका राग, की त्या संध्याकाळी मी आजवरची सगळ्यांत मोठी थाप बोळातून नेली. अण्णांनी सांगितलं होतं, “दिवाबत्ती कर म्हणावं.” मी आईला जाऊन म्हणाले, “अण्णा म्हणतात, चूक माझीच होती. तू सहनशील आहेस.”

आईनं मला जवळ ओढलं. माझ्या केसांत बोटं घातली.

“हे तुझ्याजवळ म्हणाले?”

“हो.”

“मग त्यांना म्हणावं, ज्यांच्यापुढं बोलला त्यांच्यापुढं म्हणा. मग मशीन कुठं जात न्हाई.”

हा निरोप मी अण्णांना दिला, तिनं सांगितला तसाच. अण्णा खडूला टोक करत होते. ते तेच करत राहिले, खडूचा चुरा झाला तरी.

मामा येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी आईनं ट्रंक भरली. अण्णा दुकानात एकटे होते. दिवाळीचं काम ढिगानं पडलं होतं, पण ते नुसतेच टेबलापाशी उभे होते. मला बघून त्यांनी टेप गळ्यातून काढली.

“वैजे, तिला सांग,” ते म्हणाले, आणि थांबले. “तिला सांग, ती गेली तर हे दुकान मी उघडणार न्हाई. दुसऱ्या कुणाच्या हातात कापड द्यायची मला सवय न्हाई.”

मी बोळात थांबले. यात काय घालावं, याला कुठलं शेपूट लावावं, याचा मी विचार केला. काही लावावंसं वाटलं नाही. मी तसंच आत जाऊन आईला सांगितलं, शब्दाला शब्द.

आई ट्रंकेशी बसली होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, किंचित हसली आणि पुन्हा साडीची घडी घालायला लागली. “काय सांगू अण्णांना?” मी विचारलं. तिनं पुढची साडी उचलली. एवढ्या सगळ्या निरोपांत उत्तर न मिळालेले दोनच निरोप होते, एक आईचा आणि हा अण्णांचा.

सकाळी मामाचा टेंपो दाराशी लागला. दुकानात गर्दी होती. नलूवहिनीही पाडव्याच्या ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या. आमच्याकडे एक ब्लाउज बिघडला म्हणून शिंपी बदलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मामानं सरळ पाना काढला आणि मशीनचं डोकं सोडवायला लागला. आई ट्रंक घेऊन बोळाच्या तोंडाशी उभी होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

अण्णा वहिनींचं माप घेता घेता थांबले.

“वैजे,” ते म्हणाले, “आईला सांग…”

मी टेबल आणि मशीन यांच्यामधे उभी होते, नेहमीच्याच जागी. मला एकाएकी रडू फुटलं.

“मी न्हाई सांगणार,” मी म्हणाले. “मी कुणाचं काही सांगणार न्हाई आता. तुमचं तुम्ही सांगा.”

मामाचा पाना थांबला. अण्णांनी टेबलावरची कात्री उचलली, ती कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. ते आईकडे वळले नाहीत. वहिनींकडे वळले.

“वहिनी,” ते म्हणाले. “मागं तुमच्या ब्लाउजच्या बाह्या चुकल्या होत्या बघा. त्या मी चुकीच्या कापल्या होत्या. हिनं मला सांगितलंपण होतं. हिची काही चूक नव्हती. मी उगंच हिला बोललो.”

“असू द्या हो मास्तर,” वहिनी म्हणाल्या, “त्यात काय.” शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला. माझं सगळं लक्ष आईकडे होतं.

आईनं ट्रंक खाली ठेवली. दुकानात आली. श्रावणापासून पहिल्यांदा ती अण्णांच्या तोंडाकडे बघून बोलली.

“ती कात्री ठेवा आधी खाली,” ती म्हणाली. “हात कापायलाय तुमचा.” मग मामाकडे वळून म्हणाली, “दादा, तो स्क्रू बसव परत. आणि चहा घेऊन जा.”

सुट्टी संपल्यावर बाईंनी विचारलं, घरी कुठले शब्द वापरलेस? मी म्हणाले, एकही नाही, बाई. आता घरी सगळे स्वतःच बोलतात. बाई म्हणाल्या, “मग म्हशीला वापर.” वर्ग हसला, मीही हसले.

पुढं अण्णा-आई तोंड भरून भांडत आणि तोंड भरून बोलत. दुकान अण्णांचे डोळे अधू होईपर्यंत चाललं. अण्णा जाऊन आता वर्ष झालं. वर्षश्राद्धानंतर आईला मी सांगलीला माझ्याकडे आणलं. परवा दुपारी दोघीच जेवत होतो. माझी भाजी खालून लागली होती. आईनं घास घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “चवदार झालीय.”

मी बघतच राहिले. ती खुदकन हसली.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासनं. तुझ्या अण्णांनी जन्मात कधी ‘किंचित’ म्हटलं होतं का गं?”

“आणि अण्णांना?”

“त्यांनापण. नंतर आम्ही दोघं हसायचो की. मला करारी म्हणे!” ती डोळे पुसायला लागली, हसूनच. “बोळातनं तुझी पावलं वाजली की वाटायचं, बघू आज काय घेऊन आलीय पोरगी. बोलायचं कोण ते आम्हाला कळत होतंच. तरी ऐकायला बरं वाटायचं.”

“आणि मी जीव टाकून धावत होते.”

“शेवटी शेवटी हुशार झालीस हां पण. मी जायच्या आदल्या दिवशी काय ते सांगितलंस, दुकान उघडणार न्हाई, दुसऱ्याच्या हातात कापड द्यायची सवय न्हाई. अगदी त्यांच्यासारखं. एक शब्दपण शाळेतला न्हाई. मला हसू आलं. म्हटलं, आता जमायला लागलं हिला.”

माझा घास हातातच राहिला.

“आई,” मी म्हणाले, “ते मी नव्हतं केलं.”

“म्हणजे?”

“ते अण्णाच म्हणाले होते. मी त्यात काही घातलं नव्हतं.”

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, ते जायला थोडा वेळ लागला. तिनं ताट बाजूला सरकवलं. पाण्याचा तांब्या उगीच इकडचा तिकडं ठेवला. ती खिडकीकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

“परत सांग,” ती म्हणाली.

“काय?”

“ते. जसं म्हणाले तसं. तुझं काही घालू नको.”

मी हात धुतला. का कोण जाणे, बसून सांगावंसं वाटेना. मी उठले आणि तिच्यासमोर उभी राहिले, टेबल आणि मशीनच्या मधे उभी राहायची तशी.

“अण्णा म्हणतात,” मी म्हणाले, “ती गेली तर हे दुकान मी उघडणार न्हाई. दुसऱ्या कुणाच्या हातात कापड द्यायची मला सवय न्हाई.”

आईनं पदर सारखा केला. डोळे मिटले आणि मान हलवली.

“बरं म्हणावं,” ती म्हणाली.